वाचकांचे प्रश्न: सट्टा, मटका आणि घरावरचं कर्ज

सट्टा आणि जुगाराच्या व्यसनाविषयी आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: सगळं कर्ज एकदाचं फेडून टाकलं तर माणूस सुटेल का? म्हणून ते पत्र आधी घेतलं आहे आणि त्याला जागाही जास्त दिली आहे. ओळख पटू नये म्हणून पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

नवरा खासगी कंपनीत नोकरीला आहे. मोबाईलवर 'आयडी' (सट्ट्याच्या संकेतस्थळावरचं खातं) घेऊन क्रिकेटवर सट्टा लावतो, हे आत्ता कळलं. पतसंस्थेचं कर्ज, चार-पाच कर्जॲप, मित्रांचे उसने, माझ्या बांगड्या गहाण. तो सांगतो तो आकडा साडेचार लाख. सासूबाई म्हणतात, भाटाचा (बागायती जमिनीचा) तुकडा विकूया, सगळं फेडूया आणि देवासमोर शपथ घ्यायला लावूया. — डिचोली

भाट विकू नका. निदान आत्ता तरी नको.

एकरकमी फेड झाली की त्याच आठवड्यात तीन गोष्टी होतात. कर्जॲपची मर्यादा पुन्हा मोकळी होते, बऱ्याचदा वाढूनही मिळते. बुकी उधारी परत उघडतो, कारण या घरातून पैसे निघतात हे त्याला समजलेलं असतं. आणि नवऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं की शेवटी कुणीतरी भरतंच. शपथ घ्यायची तर खुशाल घेऊ द्या, पण ती घेतल्याने मोबाईलमधलं यूपीआय बंद होत नाही.

साडेचार लाख हा शेवटचा आकडा समजू नका. पहिल्या कबुलीत पूर्ण रक्कम क्वचितच बाहेर येते. उरलेली लपवण्यासाठी माणूस पुन्हा खेळतो, म्हणून खरा आकडा काढणं हे पहिलं काम. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून दर वर्षी एक पूर्ण क्रेडिट अहवाल फुकट मिळतो. दोघांनी शेजारी बसून, त्याच्या मोबाईलवर ओटीपी घेऊन चारही अहवाल काढा. बँका, क्रेडिट कार्डं आणि नोंदणीकृत कंपन्यांमार्फत चालणाऱ्या ॲपची कर्जं त्यात दिसतील. बुकी, मित्र आणि सावकार दिसणार नाहीत. लहान पतसंस्थेची नोंदही कधी कधी नसते, तिथे जाऊन उतारा मागावा लागतो. मग सगळ्या खात्यांचे बारा महिन्यांचे उतारे घ्या आणि संध्याकाळी साडेसात ते साडेअकरा या वेळात अनोळखी यूपीआय नावांवर गेलेल्या रकमांखाली रेघ मारा. आयपीएलचे संध्याकाळचे सामने साडेसातला सुरू होतात, त्यामुळे ही रेघ बरंच काही सांगून जाते. बांगड्यांची गहाणाची पावती ताब्यात घ्या आणि नूतनीकरणाची तारीख बघा. ती चुकली तर लिलावाची नोटीस येईल.

आता फेडीचा क्रम. आधी बांगड्यांचं व्याज, म्हणजे लिलाव टळेल. मग जिथे दुसरा कुणी जामीन राहिला आहे ते पतसंस्थेचं कर्ज, कारण हप्ता चुकला की त्या बिचाऱ्या जामिनाच्या पगारावर येईल. मग बँक आणि कार्ड. व्यवस्थापकाला भेटून लांब मुदतीचा हप्ता बांधून मागा, आणि कार्ड त्याच दिवशी बंद करा. नंतर ॲप, नंतर मित्र. मित्रांना महिना ठरवून थोडं थोडं द्या आणि 'यापुढे याला पैसे देऊ नका' हे स्पष्ट सांगा. हे सगळं त्याच्याच पगारातून जायला हवं. तीन-चार वर्षं लागली तरी चालतील.

बुकीची उधारी शेवटी, किंवा नाहीच. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, त्यामुळे बुकी वसुलीसाठी कोर्टात जाऊ शकत नाही. हे तोही जाणतो, म्हणून धमकीवर येतो. धमकीचे संदेश पुसू नका, पैसे 'शेवटचे' म्हणूनसुद्धा देऊ नका, नवऱ्याला एकट्याने भेटायला पाठवू नका. दारात माणसं आली तर ११२. सही केलेला कोरा चेक त्याच्याकडे गेला असेल तर हे वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा.

कर्जॲपच्या वसुलीवाल्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. तुमच्या मोबाईलमधली संपर्कयादी घ्यायलाही ॲपला मनाई आहे. तक्रार आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी फोन १४४४८. फोटो विकृत करून नातेवाइकांना पाठवायची धमकी आली तर तीस दिवस थांबायचं नाही, लगेच १९३० वर सायबर गुन्ह्याची तक्रार.

पगाराचं असं करा: त्याच्या खात्यात पगार पडेल त्याच तारखेला ठरावीक रक्कम तुमच्या एकटीच्या खात्यात जाईल, अशी स्थायी सूचना बँकेत द्या. हप्ते तिथून जातील. त्याच्या हातात पेट्रोल आणि चहापुरती रोकड, तीही आठवड्याची. यूपीआय ॲप काढून टाकणं पुरत नाही, कारण दोन मिनिटांत परत येतं. बँकेत अर्ज देऊन त्या खात्याची यूपीआय आणि नेटबँकिंगची सोय बंद करून घ्या. पॅन आणि आधार तुमच्याकडे ठेवा, तरी आकडे त्याला पाठ असतात हे लक्षात असू द्या. म्हणून दर तीन महिन्यांनी क्रेडिट अहवाल बघायचाच.

राहिलं भाट. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि स्थावर विकायला दोघांची सही लागते. तुमची सही ही तुमच्या हातातली सर्वांत भक्कम गोष्ट आहे. कर्जाच्या कागदावर जामीन किंवा सहकर्जदार म्हणून ती चुकूनही देऊ नका. त्याने एकट्याने काढलेल्या कर्जाचा बोजा तुमच्या अर्ध्या वाट्यावर येतो का, आणि भाट अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर काय, हे वकिलाकडून समजून घ्या. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. फोन १५१००.

नवरा रोज शंभर-दोनशेचा मटका लावतो. दारू नाही, भांडण नाही. याला व्यसन म्हणायचं का? — काणकोण

रकमेवरून ठरत नाही. दोन प्रश्न विचारा: किती लावतो याबद्दल तो खोटं बोलतो का? आणि आकडा हळूहळू वाढवावासा वाटतो का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर खोलात शिरायला हवं. डॉक्टर नऊ लक्षणं बघतात: रक्कम वाढवावी लागणं, थांबवल्यावर चिडचिड, थांबायचे फसलेले प्रयत्न, सतत तोच विचार, मन उदास असताना खेळणं, हरलेलं भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणं, खोटं बोलणं, नोकरी किंवा नातं पणाला लागणं, आणि पैशांसाठी दुसऱ्यांवर विसंबणं. बारा महिन्यांत यातली चार दिसली तर निदान पक्कं होतं.

मटक्याचा हिशेब सोपा आहे. एका आकड्याला दहा शक्यता आणि भाव साधारण एकाला नऊ. जोडीला, म्हणजे दोन अंकी आकड्याला, शंभर शक्यता आणि भाव एकाला नव्वद किंवा त्याहून कमी. म्हणजे शंभरातले दहा रुपये चिठ्ठीवाल्याच्या साखळीत राहतात. दिवसाला दोनशे म्हणजे महिन्याला सहा हजार, त्यातले सरासरी सहाशे गेले, असं कागदावर दिसतं. घरातून मात्र सहा हजारच जातात, कारण लागलेले पैसे घरी येत नाहीत, पुढच्या आकड्यावर जातात. नवरा खात्यावर, म्हणजे उधारीवर, लावतो का हे बघा. रोख खेळणारा खिसा संपला की थांबतो, उधारीवाल्याला ती अडचण नसते.

मी क्रिकेटचा अभ्यास करून सेशन (ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरची पैज) लावतो. अंदाज बरोबर येतात, फक्त शिस्त कमी पडते. हरल्यावर दुप्पट लावायची पद्धत नीट पाळली तर नुकसान भरून निघेल ना? — मडगाव, वय २६

नाही. आकडेच मांडूया.

सेशनच्या 'यस' आणि 'नो' दोन्ही बाजूंना साधारण १.९० भाव मिळतो असं धरा. दोन्हीकडे हजार-हजार लावले तर दोन हजार जातात आणि एकोणीसशे परत येतात. म्हणजे प्रत्येक उलाढालीवर पाच टक्के कापले जातात, तुम्ही जिंका की हरा. नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरातले ५२.६३ अंदाज बरोबर यायला हवेत. दहा हजारांची पुंजी घेऊन हजार-हजारचे दोनशे डाव खेळलात की उलाढाल दोन लाख होते आणि तिचे पाच टक्के बरोबर दहा हजार. साधारण अभ्यासाच्या माणसाची पुंजी अशीच संपते, आणि त्याला वाटत राहतं की आपण अर्ध्या वेळा जिंकत होतो. तो खरंच जिंकत असतो!

आता दुप्पट. पाचशेपासून सुरू केलं आणि सलग आठ डाव गेले तर एकूण १,२७,५०० रुपये गेलेले असतात, आणि नववा डाव १,२८,००० चा. एवढं करून मिळवायचे असतात पाचशे, तेही १.९० भावात मिळत नाहीत, उलट आधी गेलेलेही पुरते भरून निघत नाहीत. सलग आठ हरणं दुर्मीळ वाटतं, पण आयपीएलच्या ७४ सामन्यांत सामन्याला चार डाव धरले तर २९६ डाव होतात. नाणेफेकीसारखी समान शक्यता मानली तरी एवढ्या डावांत निदान एकदा सलग आठ डाव हरायची शक्यता चाळीस टक्क्यांहून जास्त आहे. तिथे शिस्त कामाला येत नाही, कारण शिस्त पाळायला लागणारी रक्कमच शिल्लक नसते.

अजून एक. 'आयडी'वर दिसणारे पैसे हे खात्यातले पैसे नसतात. तो फक्त पॅनेलवरचा, म्हणजे सट्टेवाल्याच्या संकेतस्थळावरचा, आकडा असतो, आणि पॅनेल चालवणारा तो बदलू शकतो. सुरुवातीला दोन-पाच हजार लगेच हातात देतात. लाखभर साचले की 'आधी पडताळणीचे पैसे भरा' सुरू होतं. तक्रार घेऊन जाणार कुठे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. हे सगळं वाचूनही आज रात्रीच्या सामन्याचा विचार मनात येत असेल, तर खाली उपचाराचा प्रश्न आहे, तो वाचा.

दीर मांडवीतल्या कॅसिनोत जातो. गोवेकरांना बंदी आहे ना? — वास्को

आहे. फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातल्या रहिवाशांना कॅसिनोच्या खेळाच्या भागात मनाई आहे, आणि २१ वर्षांखालच्या कुणालाच प्रवेश नाही. तरीही तो आत जात असेल तर बाहेरच्या राज्यातल्या कुणाच्या तरी ओळखपत्रावर जात असावा. कॅसिनोच्या व्यवस्थापनाला त्याचा फोटो आणि ओळखपत्राची प्रत जोडून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर गेमिंग आयुक्तांकडे जा. राज्य कर आयुक्तांकडेच ती जबाबदारी आहे. प्रवेशाच्या पैशांत मिळणाऱ्या 'फुकट' चिपा बहुधा रोखीत बदलून मिळत नाहीत, फक्त लावता येतात. रुलेटच्या चाकावर एका शून्यासह ३७ घरं असतात आणि आकडा लागला तर लावलेली रक्कम परत आणि वर मिळतात एकाला ३५. प्रत्येक फेरीला तिथेच २.७ टक्के जातात.

वडील ६३ वर्षांचे. उभ्या आयुष्यात जत्रेतल्या गडगड्यावर दहा रुपये लावले नाहीत. कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात मोबाईलवर रमी, मटका, लॉटरी सगळं सुरू. वय झालं म्हणून असं होतं का? — साखळी

आधी गोळ्यांची नावं बघा. प्रॅमिपेक्झोल आणि रोपिनिरोल या कंपवाताच्या औषधांनी काही रुग्णांत जुगाराची, खरेदीची किंवा खाण्याची अनावर ओढ निर्माण होते. हा नोंदलेला दुष्परिणाम आहे, वडिलांच्या स्वभावाचा दोष नाही. ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांना या आठवड्यातच भेटा आणि पैशांचा हिशेब सोबत न्या, कारण रुग्ण हे स्वतःहून सांगत नाही. गोळी घरच्या घरी एकदम बंद करू नका, त्याने वेगळाच त्रास होतो. डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात किंवा औषध बदलतात, आणि बऱ्याच जणांची ओढ त्यानंतर ओसरते. तोवर पेन्शनचं खाते-पुस्तक मुलांकडे.

मुलगा म्हणतो मी माझा मी सोडेन. गोळी असते का? दाखल करावं लागतं का? — म्हापसा

दाखल करायची गरज बहुतेकांना नसते. बांबोळीला गोमेको म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजशेजारी मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. लगेच बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, चोवीस तास मोफत. मराठीत बोलता येतं.

उपचाराचा गाभा म्हणजे आठवड्याला एक अशी विचार आणि वर्तनावर काम करणारी सत्रं, काही महिने. त्यात 'थोडक्यात हुकलं' म्हणजे 'जवळ आलो' नव्हे, हे उलगडून दाखवतात. मेंदू हुकलेल्या डावालाही जिंकण्यासारखाच प्रतिसाद देतो, म्हणून शेवटच्या चेंडूवर हरलेला माणूस सर्वांत घाईने पुढचा डाव लावतो. ओढ आली की ती टिपून ठेवायची आणि अर्धा तास काढायचा, मोबाईल घरच्यांकडे देऊन. बहुतेक वेळा ती तेवढ्यात उतरते. खास जुगारासाठीची अशी गोळी नाही. काही मानसोपचारतज्ज्ञ नाल्ट्रेक्सोन देतात, आणि सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्याचे उपचार वेगळे.

मोबाईलवर बेटब्लॉकर हे मोफत ॲप घालता येतं, ते ठरवलेल्या मुदतीपर्यंत काढता येत नाही. सट्ट्याची संकेतस्थळं रोज नाव बदलतात, म्हणून ते अपुरं आहे, पण निरुपयोगी नाही. सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप घालायची परवानगी बंद करा आणि टेलिग्रामवरच्या टिपांच्या वाहिन्या सोडायला लावा.

घसरण होईल हे धरून चाला. पगाराचा दिवस, मार्च ते मे हा आयपीएलचा हंगाम आणि चवथीच्या रात्रीचे पत्ते हे धोक्याचे. घसरला तर चोवीस तासांत एका ठरलेल्या माणसाला सांगायचं आणि त्या माणसाने ओरडायचं नाही, हा करार आधीच करा. ओरडा मिळाला की पुढची घसरण लपते.

एका बाबतीत मात्र थांबू नका. मोठी रक्कम हरल्यानंतर किंवा घरी कळल्यानंतरच्या दिवसांत आत्महत्येचा धोका वाढतो. 'माझ्या विम्यातून फिटेल' असं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, अचानक शांत होणं, यांपैकी काही दिसलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी बांबोळीला न्या. 'मरायचा विचार येतो का?' असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

कॉलेजात शिकतो. एकाने माझं बँक खातं कमिशनवर 'वापरायला' घेतलं. एटीएम कार्ड आणि सिम त्याच्याकडे. आता खातं गोठलं आहे. — फोंडा

हे खातं सट्ट्याच्या किंवा फसवणुकीच्या पैशांच्या वाटेवरचं खातं होतं, आणि कागदोपत्री त्याचे मालक तुम्ही आहात. पैसे पुढे पाठवायला मदत करणं हाही गुन्हा ठरू शकतो. 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करायची तयारी आजपासून करा.

आज सिम बंद करून त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि बँकेत लेखी देऊन कार्ड रद्द करा. बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या राज्याच्या कोणत्या पोलिसांनी गोठवलं, तक्रारीचा नोंद क्रमांक, आणि वादातली रक्कम. अनेकदा वाद काही हजारांचा असतो आणि गोठतं पूर्ण खातं. तेवढीच रक्कम अडकवून बाकीचं मोकळं करा, असा अर्ज तपास अधिकाऱ्याकडे किंवा कोर्टात वकिलामार्फत करता येतो. त्या माणसाशी झालेले व्हॉट्सॲप संदेश, कमिशनच्या नोंदी आणि त्याचा नंबर पुसू नका. संदेश दिसतील तसे छापून दोन प्रती ठेवा. बाहेरच्या राज्यातून पोलिसांचा फोन आला तर एकट्याने जायला निघू नका. आधी त्या ठाण्याचा क्रमांक स्वतः शोधून फोन खरा आहे का बघा, कारण 'खातं सोडवून देतो' म्हणून पैसे मागणारे ठगही याच काळात फोन करतात. आणि घरी आजच सांगा. वकिलाचं वकीलपत्र करायला कुणीतरी मोठं माणूस सोबत असलेलं बरं. मिळालेलं कमिशन खर्च झालं नसेल तर त्याला हात लावू नका. ते कुठे जमा करायचं हे वकील सांगेल.